चाखायचं काम

गाईडताईचा एक नियम होता. बाहेरगावच्या पाहुण्यांना ती कापडगल्लीत न्यायची, भांड्यांच्या दुकानात तासभर घासाघीस करू द्यायची. पण जेवायला मात्र जिथे गावचीच माणसं ताटकळत उभी असतील, तिथेच. त्यामुळे सख्ख्या भावाच्या खाणावळीवरून ती मान खाली घालून जायची. वहिनी गेल्यापासून वर्षभरात तिथली बाकं ओस पडली होती. दादा लांबून नुसता हात हलवायचा, तोंडाने कधी काही मागायचा नाही, आणि तेच तिच्या जिवाला लागायचं. या महिनाअखेरीस तो खाणावळ बंद करणार, हे तिला परवाच कळलं होतं.

त्या दुपारी तिने नियम खुंटीला टांगला आणि सहा पाहुण्यांना घेऊन थेट आत शिरली. दादाची कोण तारांबळ! त्याने बाकं पुसली, पुन्हा पुसली, वाफाळता रस्सा वाढला आणि फडकं खांद्यावर टाकून समोर उभा राहिला.

पाहुण्यांतल्या म्हातारबाईंनी एक चमचा घेतला आणि लगेच पाण्याच्या पेल्याला हात घातला. मग आपल्या भाषेत हळूच काहीतरी म्हणाल्या.

"काय म्हणताहेत गं?" दादाने विचारलं.

दुकानदारांचं पाहुण्यांना आणि पाहुण्यांचं दुकानदारांना साखरेत घोळवून सांगण्यात ताईचा हात धरणारं कुणी नव्हतं. 'फर्मास झालंय' म्हटलं असतं, तर दादा खूश झाला असता. पण खाणावळ बंद व्हायची काही टळली नसती.

"मीठ फार झालंय म्हणतात, दादा."

दादाचं तोंड एवढंसं झालं. "मी कधी चाखलंच नाही गं. शिजवायचो मी, चाखायची तुझी वहिनी. मी पळी पुढे करायचो, ती मान हलवायची. अजूनही हात आपसूक पुढे जातो बघ."

वर्षभर ताई या दारावरून गेली होती, पण एकदाही आत येऊन घासभर जेवली नव्हती. तिला स्वतःचीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पाहुणे यायच्या आधी, ती मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरली. दादा पातेल्यापाशी उभा होता.

"अगं, तू इकडे कुठे?"

"कामावर आलेय. कर पळी पुढे."

त्याने पळी पुढे केली. तिने फुंकर मारून चाखलं.

"पाणी घाल जरा," ती म्हणाली. दादाने डोळे पुसले आणि पाणी घातलं.