तोंडओळख

दाताच्या डॉक्टरांनी स्वतःच्या बायकोला ‘या ताई, बसा’ म्हटलं आणि त्यामुळे त्यांचा संसार सावरला. पण हे अजून झालेलंच नाही असं धरून चालू. वाचकानेही ते ऐकलेलं नाही. तूर्त डॉक्टर खुर्चीवरचा दिवा खाली ओढत होते आणि खुर्चीत बसलेल्या एका सर्वस्वी अनोळखी गृहस्थाला अगदी मनापासून विचारत होते,

“वा, वा! बऱ्याच दिवसांनी! काय म्हणता, तब्येत? घरचे सगळे मजेत?”

“म्हणजे ओळखलंत!” गृहस्थ खूश झाले.

“न ओळखायला काय झालं? आ करा.”

गृहस्थांनी आ केला आणि डॉक्टरांचा जीव भांड्यात पडला. वरच्या दोन दातांमध्ये ऐसपैस फट. खाली डावीकडे अर्धीच वर येऊन पुढचा विचार सोडून दिलेली अक्कलदाढ. हे तर कोपऱ्यावरचे किल्लीवाले!

“अहो, मुलाला नोकरी लागली का?”

“आँ.”

“वा! आणि सासूबाईंचा गुडघा?”

“आँ-आँ.”

“अरेरे,” डॉक्टर म्हणाले, आणि ते खरोखरच हळहळले.

डॉक्टरांना चेहरे ओळखता येत नसत. नजर चांगली होती. समोरच्याचे डोळे, नाक, भुवया, हनुवटी सगळं जागच्या जागी दिसे. पण त्या सगळ्याची बेरीज कधी होत नसे. माणसाने पाठ फिरवली की फळा पुसल्यासारखा त्याचा चेहरा पुसला जाई. दात मात्र एकदा पाहिले की पाहिले. निम्म्या शहराशी त्यांची तोंडओळख होती, आणि ती शब्दशः तोंडाची होती.

अडचण एवढीच, की रस्त्यात भेटलेल्या माणसाला ‘आ करा’ म्हणता येत नाही.

म्हणून त्यांनी ते एक वाक्य घडवून ठेवलं होतं. काय म्हणता, तब्येत, घरचे सगळे मजेत? हे वाक्य शाळासोबत्याला चालायचं, घरमालकाला चालायचं, एकदा तर कापडाच्या दुकानाच्या काचेतल्या पुतळ्यालाही चाललं होतं. उत्तर येईना तेव्हा डॉक्टरांना वाटलं, घरी काहीतरी वाईट घडलं असावं. लोक म्हणत, डॉक्टर फार प्रेमळ, सगळ्यांची विचारपूस करतात. पण कुठे चार माणसांत जायचं म्हटलं की त्यांची पंचाईत व्हायची. तिथे ते भिंतीला पाठ लावून उभे राहायचे, हसू तयार ठेवायचे आणि घरी परतल्यावर गालांना शेक द्यायचे. एका हॉटेलच्या दारात तर समोरून येणाऱ्या सज्जन माणसाला ‘आधी तुम्ही’ म्हणत ते बराच वेळ अडून बसले होते. तो आरसा होता.

हे कुणालाच माहीत नव्हतं. बायकोला तर नाहीच नाही. बायकोचं एक बरं होतं. ती घराबाहेर पडताना एक पिवळी धमक पिशवी खांद्याला लावायची. कुठलेही कपडे असोत, कुठलाही प्रसंग असो, पिशवी तीच. डॉक्टर लांबून पिशवी बघून हात हलवायचे. एरवी तिच्यात एकच खोट होती, ती म्हणजे बोलण्याची पट्टी. कोणी नातेवाईक समोर दिसला की ती लांबूनच ओरडायची, “अगंबाई, हे तर आपले मधले काका!” डॉक्टरांनी तिला एकदा हळू बोलायला सुचवूनही पाहिलं होतं.

आणि मग मागच्या आठवड्यात बाजाराच्या रस्त्यावर आखूड केसांची एक बाई त्यांच्यापुढे येऊन थांबली. हातात काही नव्हतं. ओठ मिटलेले.

“काय म्हणता, तब्येत?” डॉक्टर हसले. “घरचे सगळे मजेत?”

बाईंनी त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं, मान हलवली आणि त्या निघून गेल्या.

संध्याकाळी तीच बाई त्यांच्या स्वयंपाकघरात भांडी विसळत होती.

“घरचे सगळे मजेत आहेत, डॉक्टर,” ती पाठमोरीच म्हणाली. ती त्यांची पहिल्यापासून पेशंट. लग्नानंतरही डॉक्टरच म्हणत राहिली होती.

डॉक्टरांच्या हातातला पेला हातातच राहिला. “अगं, मी विचारात होतो.”

“कसल्या?”

“एका... अक्कलदाढेच्या.”

तिने नळ बंद केला, हात पुसले. “थोडे दिवस धाकटीकडे जाऊन येते,” म्हणाली.

धाकटी म्हणजे तिची बहीण, दोन गल्ल्या पलीकडे राहायची. पिवळी पिशवी दारामागच्या खुंटीलाच लटकत राहिली. डॉक्टरांनी फोन केला. ती म्हणाली, “अजून विचारातच आहात का?” डॉक्टर म्हणाले, “हो.” तिने फोन ठेवला. त्यानंतर ते रोज आरशासमोर उभं राहून खरं सांगायचा सराव करू लागले. पण आरशातला माणूस नीट ओळखीचा नसल्यामुळे संकोच वाटायचा. आणि सांगायचं तरी कसं? इतकी वर्षं एका ताटात जेवलेल्या बाईला ‘तुझा चेहरा माझ्या लक्षात राहत नाही’ हे कुठल्या तोंडाने सांगायचं? त्यापेक्षा अक्कलदाढ बरी. पण अक्कलदाढ धरून बसलं तर ती धाकटीकडेच राहील, हेही दिसत होतं.

किल्लीवाले चूळ भरून गेले. दारातून मदतनीस मावशींनी आवाज दिला, “नवीन पेशंट आहे हो. दाढ दुखतेय म्हणे. बोलता येत नाही.”

डोक्याला निळा स्कार्फ, गालावर रुमाल घट्ट धरलेला, अशा एक बाई आत आल्या.

“या ताई, बसा,” डॉक्टर म्हणाले.

मावशींना अचानक खोकला आला आणि त्या कापसाचा डबा शोधायला तोंड फिरवून उभ्या राहिल्या. डबा त्यांच्या हातातच होता.

“घाबरू नका ताई. कोणत्या बाजूला दुखतंय?”

ताईंनी बोटाने दाखवलं.

“घरचे सगळे मजेत?” डॉक्टरांनी सवयीने विचारलं. ताईंनी छताकडे पाहिलं. डॉक्टरांनी दिवा ओढला, दोन्ही गालांत कापसाच्या गुंडाळ्या बसवल्या, छोटा आरसा आत सरकवला.

“मोठा आ करा. अजून. हं.”

वर उजवीकडे एक सुळा शेजारच्या दाताच्या खांद्यावर डोकं टेकून उभा होता. फार वर्षांपूर्वी एक मुलगी तो सरळ करून घ्यायला आली होती आणि तरुण डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, राहू द्या, चांगला दिसतो. पुढच्या तपासणीलाही तेच सांगितलं होतं. तिसऱ्या खेपेला तपासण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी ती आली होती.

आरसा ट्रेमध्ये खणकन पडला.

“तू?”

“आ,” बायको म्हणाली.

कापूस काढायला डॉक्टरांचा हात पुढे झाला. मग थांबला. तिचं तोंड उघडं होतं, दोन्ही गालांत कापूस होता, मध्ये बोलणं तिला शक्य नव्हतं. अशी संधी लग्न झाल्यापासून आली नव्हती. डॉक्टरांनी हात मागे घेतला आणि आपल्या स्टुलावर बसले.

“अक्कलदाढ वगैरे काही नव्हती,” ते म्हणाले. “मला चेहरे कळत नाहीत. कुणाचेच. लहानपणापासून. शाळेत वर्ग चुकलो तर आठवडाभर कळलं नव्हतं. तुझासुद्धा कळत नाही. म्हणजे रोज सकाळी बघतो, आवडतो, आणि तू आंघोळीला गेलीस की जातो. परत आलीस की पुन्हा पहिल्यापासून आवडून घ्यावा लागतो.”

“उँ.”

“थांब, एकदाच सांगू दे. बाहेर तुझी पिशवी दिसली की ती तू असं समजतो. घरात आपण दोघंच, त्यामुळे जो मी नाही तो तू. पण तुझा आवाज आणि हा सुळा, हे झोपेतून उठवून विचारलंस तरी सांगेन. सांगायची हिंमत नव्हती. तुला वाटलं असतं, याला माझी किंमत नाही.”

डॉक्टरांनी चिमट्याने एक गुंडाळी काढली, मग दुसरी.

“झालं?” तिने विचारलं.

“झालं.”

“कापूस माझ्या तोंडात होता की इतकी वर्षं तुमच्या?”

तिने चूळ भरली, रुमालाने ओठ टिपले आणि स्कार्फ सोडला.

“आता माझं ऐका. मला पिवळा रंग अजिबात आवडत नाही.”

“म्हणजे?”

“डोळ्यांत खुपतो. पण लांबून दिसतो. लग्नाच्या पहिल्याच वर्षी चपलांच्या दुकानातून तुम्ही भलत्याच बाईला घेऊन बाहेर पडला होतात. तिच्या घरच्यांची चौकशी करत करत चौकापर्यंत नेलंत तिला. ती बिचारी भिडस्त, काही बोलली नाही. मी मागून चालत होते. दुसऱ्या दिवशी जाऊन पिशवी आणली.”

“म्हणजे तुला माहीत—”

“आणि मी ‘अगंबाई, मधले काका’ असं हौसेने ओरडते का? घसा बसतो माझा. तुम्ही हळू बोल म्हणालात, तेव्हा बोलले की आठवडाभर हळू. त्या आठवड्यात तुम्ही रंगाऱ्याला मेव्हणा समजून पाटावर बसवलंत.”

“तो पोटभर जेवला.”

“जेवला, आणि भिंत तशीच ठेवून गेला. नात्यातल्या माणसाकडून पैसे कसे घ्यायचे म्हणाला.”

डॉक्टरांनी हातातला कापूस ट्रेमध्ये ठेवला. “मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही एवढ्या कष्टाने लपवत होतात. म्हटलं, लपवण्यात बरं वाटत असेल.” तिने स्कार्फची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. “त्या दिवशी पिशवी मुद्दाम घरी ठेवली. केसही मुद्दाम कापले. वाटलं, आता तरी सांगाल. ओळखलं नाहीत त्याचा राग नव्हता हो. हसूच आलं. पण अक्कलदाढ!”

“चुकलंच.”

“मलाही माहीत होतं बरं का,” मावशी दारातून म्हणाल्या. “रोज सकाळी मला विचारता, नंबर लावलाय का. एप्रन चढवला की मग मावशी.”

डॉक्टर हसायला लागले. तयार ठेवलेलं हसू नव्हतं ते. वाकडंतिकडं, नाकातून आवाज येणारं होतं. गालही दुखले नाहीत.

“दाढ खरंच दुखतेय का?” त्यांनी डोळे पुसत विचारलं.

“नाही. पण आलेच आहे तर बघून घ्या.”

दवाखाना बंद करून दोघं बाहेर पडली. टपालपेटीपाशी नेहमीचे उंच गृहस्थ काठी टेकून उभे होते. निदान काठी तरी नेहमीची होती. त्यांच्याशी डॉक्टरांचं कित्येक वर्षं रोज बोलणं होतं.

“काय म्हणता!” गृहस्थांनी हात वर केला.

डॉक्टरांच्या तोंडाशी वाक्य आलं, तब्येतीपर्यंत पोचलं आणि तिथेच थांबलं. बायकोने ओरडायला श्वास घेतला होता. त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला.

“माफ करा,” ते म्हणाले. “आपण कोण, हे मला माहीत नाही.”

गृहस्थांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. “खरं सांगता?”

“अगदी खरं.”

“सुटलो बुवा!” गृहस्थ टपालपेटीला टेकले. “अहो, तुम्ही कोण हे मलाही माहीत नाही. एकदा तुम्ही घरच्यांची चौकशी केलीत, म्हटलं असेल कोणीतरी आपला. तेव्हापासून रोज सांगतोय, मजेत आहेत म्हणून. मी एकटाच राहतो.”

“मग तुमची नात? तिचं ते गाणं?”

“तुम्ही इतक्या आपुलकीने विचारायचात. नाही कसं म्हणणार?”

डॉक्टर पुढे झाले. “एक मिनिट. आ करा बघू.”

गृहस्थांनी भर रस्त्यात आ केला. डॉक्टरांनी त्यांना उजेडाकडे वळवून वर पाहिलं, खाली पाहिलं.

“नाही,” ते समाधानाने म्हणाले. “आपली खरोखरच ओळख नाही.”

तिघंही चहा प्यायला गेली. पहिला कप संपेपर्यंत कोणीच कोणाच्या घरच्यांबद्दल काही विचारलं नाही.

बायकोने हिरवी पिशवी आणली. पिवळी मावशींनी भाजीसाठी मागून घेतली, त्यामुळे पुढचा आठवडाभर डॉक्टर रस्त्यात मावशींना ‘अगं ए’ म्हणत होते. मग डॉक्टर, बायको आणि मावशी अशा तिघांनी बसून एक सूचना तयार केली. तिची एक प्रत दवाखान्याच्या दारावर लावली आणि दुसरी योग्य त्या कार्यवाहीसाठी नगरपालिकेकडे पाठवली:

‘सर्व नागरिकांस विनंती करण्यात येते की, रस्त्यात, बाजारात अथवा कोणत्याही समारंभात डॉक्टरांशी बोलू इच्छिणाऱ्यांनी प्रथम आपले नाव व नाते सांगावे. “ओळखलंत का?” असे विचारू नये. नाव सांगणे गैरसोयीचे असल्यास मान उजेडाकडे करून ओळख पटेपर्यंत तोंड उघडे ठेवावे. डॉक्टरांच्या पत्नीस यातून सूट नाही. मात्र त्यांच्यावरील पिवळ्या रंगाची सक्ती आजपासून रद्द समजावी. वरील व्यवस्था संपूर्ण शहरात तत्काळ लागू करून तसे या दवाखान्यास लेखी कळवावे, ही नम्र विनंती.’