सावधानरावांची उलटतपासणी

गल्लीत त्यांना तोंडावर वकीलसाहेब म्हणत आणि पाठ वळली की सावधानराव. हे नाव त्यांना ठाऊक होतं, आणि खोटं कशाला बोला, आवडतही होतं. अपघाताचे खटले लढवण्यात त्यांची हयात गेली होती. त्यामुळे धडधाकट माणूस कुठे कुठे आणि कसा कसा मरू शकतो याचं त्यांना अफाट ज्ञान होतं, आणि ते ज्ञान ते फुकट वाटत सुटत. वाचनालयाच्या सभागृहात दर महिन्याला त्यांचं व्याख्यान असे. जिन्यात कुंड्या ठेवू नका. गॅसचा वास आला की दिव्याचं बटण दाबू नका. रस्ता ओलांडताना फोन खिशात ठेवा. कुणाकडे जेवायला गेले तरी बाहेर पडायचा दुसरा दरवाजा कुठे आहे ते आधी बघत आणि मगच ताटावर बसत. यजमानीणबाईंना वाटे, पाहुणा जेवायच्या आधीच पळायची वाट शोधतोय.

"ह्यांच्या सोबतीनं मी फार सुरक्षित जगले हो," त्यांची बायको शेजारणींना सांगे. "एकच काय तो धोका झाला, तो लग्नाच्या दिवशी."

या सगळ्या गल्लीत सावधानरावांच्या व्याख्यानाला कधीही न येणारा एकच माणूस होता, आणि नेमका तोच त्यांचा जिवलग. शेजारच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर राहणारे मास्तर. गणित शिकवून निवृत्त झालेले, बायको गेल्यापासून एकटे, आणि एकटं राहण्यात पटाईत. स्वतःचा स्वयंपाक स्वतः करायचा, फ्यूज स्वतः बसवायचा, आणि कुणी "आम्ही करतो हो मास्तर" म्हणालं की त्याच्याकडे असं बघायचं की त्यानं पुन्हा विचारू नये. मुलगा परगावी होता. तो दर सुट्टीत येऊन "बाबा, चला आता माझ्याकडे" म्हणे, आणि मास्तर त्याला चहा पाजून वाटेला लावत. संध्याकाळी मास्तर आणि सावधानराव बुद्धिबळ खेळत. बहुतेक वेळा मास्तर जिंकत आणि सावधानराव पंचांकडे दाद मागायची भाषा करत.

"तुझं ऐकून माणूस मरणार नाही, वकील," मास्तर प्यादं सरकवत म्हणत, "पण जगायचंही राहून जाईल त्याचं."

तर त्या रविवारी सकाळी व्याख्यानाचा विषय होता पायी चालणाऱ्यांची सुरक्षा. हसू नका. विषय खरोखर तोच होता. सावधानराव आता हे स्वतःच सांगतात, आणि सांगताना स्वतःला द्यायला एकही विशेषण कमी पडू देत नाहीत. नवा टाय होता. गाठ नीट बसली की नाही ते बघायला त्यांनी गाडीतला आरसा आपल्याकडे वळवला. गाठ झकास बसली होती. तोंडही बरं दिसत होतं. मग भाषणाच्या सुरुवातीचा विनोद एकदा म्हणून बघावा असं त्यांना वाटलं. विनोद म्हटला, तो त्यांना फारच आवडला, ते मोठ्यानं हसले आणि हसता हसताच त्यांनी गाडी फाटकातून मागे घेतली. आरशात मागचा फुटपाथ दिसायला हवा होता, तिथे एक टाय लावलेलं प्रसन्न गाढव दिसत होतं.

धप्प असा आवाज आला.

दार उघडून सावधानराव धावले. मास्तर दिव्याच्या खांबाशेजारी आडवे पडले होते, एक पाय भलत्याच बाजूला वळलेला, आणि तोंड पांढरं फटक. त्या वेळी तोंडातून बाहेर पडायला हवं होतं, "मास्तर, चुकलो हो!" ते घशापर्यंत आलंही होतं. पण जित्याची खोड! उभा जन्म कोर्टात गेलेला. सावधानराव गुडघ्यावर बसले, मास्तरांचा हात हातात घेतला आणि म्हणाले,

"मास्तर, तुम्ही एकदम मागून आलात ना?"

वकिली करणाऱ्याला हा प्रश्न कुणी शिकवावा लागत नाही. उत्तर पोटात घेऊनच येतो तो. समोरचा माणूस घाबरलेला असला की तो फक्त मान हलवतो, आणि कारकून उत्तर लिहून घेतो. अशा प्रश्नांनी सावधानरावांनी किती ट्रकवाल्यांना, बसवाल्यांना आणि त्यांच्या साक्षीदारांना लोळवलं होतं. तेवढ्यावर थांबते तरी ठीक होतं. पण नाही.

"हॉर्न ऐकू आला नाही वाटतं तुम्हाला?"

आता यात खोटं एक अक्षर नव्हतं. न वाजवलेला हॉर्न मास्तरांना खरंच ऐकू आला नव्हता.

मास्तर कण्हत म्हणाले, "नाही रे... नाही आला ऐकू. माझंच लक्ष नसेल."

माणसं गोळा झाली. बेकरीवाला पाणी घेऊन आला. चौकातला पोलीस आला. त्याच्यासमोर मास्तरांनी तेच पुन्हा सांगितलं. "माझंच चुकलं. वकिलाला त्रास देऊ नका." पोलिसानं सावधानरावांना सलाम केला, कारण तोही त्यांच्या व्याख्यानांना येत असे. सावधानराव मास्तरांना स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात घेऊन गेले. घोट्याच्या वरचं हाड मोडलं होतं. प्लास्टर घातलं. हाड जुळेल, काळजी नको, असं डॉक्टर म्हणाले, आणि सावधानरावांनी सुटकेचा श्वास सोडला. तो मास्तरांसाठी होता की स्वतःसाठी, याचा त्यांनी त्या वेळी तपास केला नाही.

पुढचं तर सांगायलाही लाज वाटते. गल्लीत सगळे त्यांचंच सांत्वन करू लागले. "तुमच्यासारख्या जपून चालवणाऱ्याच्या नशिबी हे यावं!" असं म्हणून औषधवाल्यानं हळहळ व्यक्त केली. बेकरीवाला म्हणाला, "साहेब, पुढच्या व्याख्यानात हे उदाहरण घ्या. म्हाताऱ्या माणसांनी रस्त्यावर कसं वागू नये." आणि सावधानरावांनी घेतलं! नाव न घेता घेतलं, पण सभागृहात कुणाला कळायचं राहिलं नाही. वय झालं की कान दगा देतात, ज्येष्ठांनी एकटं बाहेर पडू नये, वगैरे वगैरे. टाळ्या पडल्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण बहुधा त्यांच्याच पूर्वजाला बघून कुणीतरी केली असावी.

पण घरी आलेले मास्तर पूर्वीचे राहिले नव्हते. पाय सुधारत होता, माणूस खचत होता. सावधानराव रोज संध्याकाळी जात. पट मांडला तरी मास्तर घोडा हातात धरून बसत. "माझी खेळी आहे ना रे? नक्की?" असं विचारत. दारावरची घंटा वाजली की "वाजली का खरंच?" म्हणत. कुबडी घेऊन हिंडायला लागले तरी गॅस पेटवेनात. शेजारच्या काकूंनी डबा दिला तर गुमान घेत. एके दिवशी ते हळूच म्हणाले,

"वकील, अरे गाडीसारखी गाडी आली आणि मला कळलं नाही. उद्या दूध उतू जाईल, गॅस तसाच राहील, सगळी इमारत जाईल माझ्यापायी. आता माझा माझ्यावर भरवसा राहिला नाही. पोराला सांगितलंय, ये आणि घेऊन जा."

पोलीस, कोर्ट, विमा, या सगळ्यांना कोळून प्यायलेले सावधानराव, पण त्या वेळी "असं काही नसतं हो मास्तर," एवढंच पुटपुटून ते घरी आले आणि पानावर बसून नुसता भात चिवडत राहिले.

बायको समोर बसून बघत होती. शेवटी ती म्हणाली, "त्या दिवशी दुपारी दवाखान्यात मास्तरांचे कपडे द्यायला मी गाडी काढली. आरशात मला गाडीचं छत दिसलं. तुमच्या उंचीचा माणूस त्यात बघेल तर त्याला काय दिसेल, हे कळायला मला वकील व्हावं लागत नाही."

"मग बोलली का नाहीस इतके दिवस?"

"म्हटलं, तुम्ही बोलाल." तिनं आमटीची वाटी पुढे सरकवली. "अहो, कोर्टात खोट्यांना खोटं ठरवता, पैसे घेता, ठीक आहे. पण तो म्हातारा खरा होता, आणि त्याला तुम्ही त्याच्या स्वतःच्याच मनात खोटा ठरवून ठेवलात. उद्या पोरगा सामान घेऊन जाईल आणि मास्तर परत यायचे नाहीत. जा, सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी सावधानराव गेले तेव्हा मास्तरांचं अर्धं सामान बांधून झालं होतं. खोकी रचलेली. मुलगा जमिनीवर बसून पातेली वर्तमानपत्रात गुंडाळत होता. मास्तर खुर्चीत, पाय स्टुलावर, बघण्यासारखं काही नसलेल्या भिंतीकडे बघत.

"या काका," मुलगा उठून म्हणाला. "तुमचे उपकार कसे फेडू? तुम्ही होतात म्हणून बाबा वाचले."

सावधानरावांना वाटलं, धरणी दुभंगावी आणि तिनं आपल्याला टायसकट पोटात घ्यावं. पण धरणी असल्या भानगडीत पडत नाही. ते उभ्या उभ्याच बोलले. "चूक माझी होती. मी मागे बघत नव्हतो. आरशात स्वतःचं तोंड बघत होतो."

मुलगा गोंधळला. मास्तर मात्र हसले, फार दिवसांनी हसले, आणि तेच हसू सावधानरावांना चाबकासारखं लागलं.

"पुरे रे," मास्तर म्हणाले. "मी जाऊ नये म्हणून बोलतोयस. मला कळतं."

"मास्तर, खरंच सांगतोय!"

"सांगशील. मित्र आहेस." मास्तरांनी मान फिरवली. "तू तेव्हा लगेच विचारलंस की मला, मी मागून आलो म्हणून. तू तरी कशाला उगीच विचारशील?"

घ्या! सगळ्या जिल्ह्याला पटवणारा वकील, आणि आयुष्यात एकदा खरं बोलायला गेला तर साक्षीदार ऐकेना. सावधानरावांनी शपथा घेतल्या, बायकोचा दाखला दिला, आवाज चढवला. मास्तर नुसते समजूतदारपणे मान हलवत राहिले. तेव्हा सावधानराव खाली बसले, मास्तरांच्या खुर्चीसमोर, खोक्यावर. त्यांना एकच काम येत होतं. ते त्यांनी सुरू केलं, फक्त या वेळी उत्तर प्रश्नाच्या पोटात घातलं नाही.

"मास्तर, त्या सकाळी कशाला बाहेर पडला होतात?"

"पाव आणायला. आता हे कशाला?"

"कुठे होतात, मी गाडी काढली तेव्हा?"

मास्तरांनी कपाळाला आठी घातली. "खांबापाशी. दिव्याच्या."

"काय करत होतात?"

"चपलेचा पट्टा निसटला होता. तो बसवत होतो." ते थांबले. "एका हातानं खांब धरला होता. गार लागला हाताला."

"खांब कुठे आहे?"

"फुटपाथवर. हे काय विचारणं झालं?"

"मग गाडी तुमच्यापर्यंत कशी आली?"

मुलाच्या हातातलं पातेलं हातातच राहिलं. सावधानरावांना घाई करायची सवय होती, साक्षीदार गप्प बसला की पुढचं वाक्य त्याच्या तोंडात घालायची सवय होती. त्यांनी दात आवळले.

"तू आलास," मास्तर हळूहळू म्हणाले. "मी हललोच नव्हतो."

"काय ऐकू आलं तुम्हाला? आठवून सांगा."

"हॉर्न नाही. हॉर्न वाजलाच नव्हता." मास्तर खुर्चीत सावरून बसले. "हसणं ऐकलं. तुझं. काच खाली होती. मी चप्पल घालता घालता म्हटलं, हा वकील सकाळी सकाळी एकटाच कशाला खिंकाळतोय?"

"बाबा," मुलगा म्हणाला, "म्हणजे तुम्हाला सगळं ऐकू येत होतं."

मास्तरांनी त्याच्याकडे बघितलंच नाही. ते सावधानरावांकडे बघत होते, आणि त्यांचा चेहरा लाल होत चालला होता. "मी गॅस पेटवायला घाबरत होतो, वकील," ते म्हणाले. "मोरीत गेलो तर कडी लावायला घाबरत होतो. डोकं गेलं माझं असं वाटून बायकोच्या फोटोसमोर रडलो मी! आणि तू इथे बसून रोज माझा चहा पीत होतास?"

"चुकलो, मास्तर," सावधानराव म्हणाले. पुढे परंतु नव्हतं, तथापि नव्हतं. "फार चुकलो."

"ऊठ!" मास्तर गरजले. कुबडी घेतली आणि उभे राहिले, मुलगा धरायला धावला तर त्याला कोपरानं बाजूला सारलं. "चालता हो माझ्या घरातून! पुन्हा पायरी चढलास तर याद राख!"

सावधानराव उठले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. जिवलग गेला होता, कदाचित कायमचा, आणि तक्रार करायला त्यांच्याकडे जागा नव्हती. दाराबाहेर चपला घालायला वाकले तेव्हा आतून मास्तरांचा आवाज आला. वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा तो आवाज होता.

"आणि तू काय बघत उभा राहिलास रे? काढ तो कागद. ठेव पातेली जिथल्या तिथे!"