पगाराच्या बदल्यात तिथी

“नाव सांगा, अंबूबाई. माझ्यासमोर कसली लाज?” वृद्धाश्रमाचे सचिव देवव्रत सर म्हणाले.

अंबूबाईने पदर सावरला. ती इथली स्वयंपाकीण. नवऱ्याचं नाव तिने जन्मात कधी घेतलं नव्हतं आणि तो गेल्यापासून दुसऱ्या कुणीही घेतलं नव्हतं. ते कुणीतरी चारचौघांत मोठ्याने घ्यावं, एवढ्यासाठी तर ती थकलेला सगळा पगार सोडायला निघाली होती.

“चिमाजी,” ती भिंतीकडे बघत म्हणाली.

ओझरच्या रस्त्यावरचा हा आश्रम तिथींवर चालायचा. लोक आपल्या गेलेल्या माणसाच्या नावाने ठेव ठेवायचे आणि तिच्या व्याजातून दरवर्षी त्याच्या तिथीला गोडाचं जेवण व्हायचं. ते नाव जेवणघरातल्या फळ्यावर रंगवलेलं असायचं, ताटं वाढली की मोठ्याने वाचलं जायचं. पण बँकांचं व्याज उतरत उतरत निम्म्यावर आलं. आधी गोड बंद झालं, मग पगार अडकले. शेवटी सरांनीच सुचवलं, पगाराच्या बदल्यात तिथी घ्या. भांडी घासणारी भागीबाई कपाळावर हात मारून म्हणाली होती, “नाव काय चाटायचंय का? येडी हाय तू!”

“तिथी कोणती?” सरांनी विचारलं.

चिमाजी गेला मार्गशीर्षात, झेंडूला पाणी देता देता.

“वैशाख शुद्ध पंचमी,” अंबूबाई म्हणाली.

“अरे! म्हणजे शामसुंदररावांचीच की.”

“हां का? मला काय ठाऊक नाय.”

चांगलं ठाऊक होतं. दर पंचमीला शामसुंदररावांच्या बायको, आभाताई, गंगापूर रोडहून रिक्षा करून यायच्या. आदल्या दिवशी खांदा भरून येईस्तोवर चक्का घोटायचा तो अंबूबाईने. जायफळही जरा जास्त घालायचं, कारण साहेबांना तसं आवडायचं. नाव वाचलं की आभाताई डोळ्यांना रुमाल लावायच्या आणि आश्रमातल्या म्हाताऱ्या त्यांच्या पाठीवरून हात फिरवायच्या. दारात उभी राहून अंबूबाई जळत राहायची. नवरा दोघींचा मेला, मग रडायची सोय हिलाच का?

आता बघू म्हणावं. श्रीखंड नाही, साधा वरणभात, आणि नावातही वाटेकरी. त्या बाईचं तोंड कसं होतं ते बघायला अंबूबाई वैशाखाची वाट बघत होती.

पंचमी आली. ताटं वाढली. सरांनी घसा साफ केला.

“आजचं जेवण कैलासवासी शामसुंदर आणि कैलासवासी चिमाजी यांच्या स्मरणार्थ.”

अंबूबाईच्या अंगावर काटा आला. मग तिने घाईने आभाताईंकडे पाहिलं. त्या चमकल्या होत्या खऱ्या.

“चिमाजी कोण हो?” त्यांनी विचारलं.

“आमचं मालक,” अंबूबाई ठसक्यात म्हणाली. भांडणाची तयारी तिने करूनच ठेवली होती.

आभाताई उठून तिच्याजवळ आल्या. “तुमचेही आजच्याच दिवशी गेले? आणि इतकी वर्षं याच तिथीला तुम्ही माझ्यासाठी श्रीखंड करत राहिलात? एका शब्दाने बोलला नाहीत कधी!”

अंबूबाई वरणाचा डाव घेऊन घाईने पुढच्या ताटाकडे वळली. आभाताईंनी तिच्या हातातला डाव काढून घेतला, दंडाला धरून तिला आपल्या जागेवर बसवलं आणि स्वतः वाढायला लागल्या. शेजारच्या म्हातारीने तिच्या पाठीवरून हात फिरवला. कित्येक वर्षं अंबूबाईला नेमकं हेच हवं होतं. आता रडायला हरकत नव्हती. पण मेलं रडूच येईना. मान वर करायचीही चोरी झाली.

“काय आवडायचं हो त्यांना?” आभाताईंनी हलकेच विचारलं.

अंबूबाईने ताटाकडे पाहिलं. दुसरं काही त्या माणसाच्या पुढ्यात कधी आलंच नव्हतं.

“वरणभात,” ती म्हणाली. तेवढं तरी खरं होतं.

आभाताईंनी तिच्या भातावर आणखी एक डाव वरण घातलं.