मुक्यांचा देश

सुरत स्टेशनावरच्या रेल्वे डाकेत पत्रं वेगळी करता करता नागनाथ सुरवाडेला एक खूळ लागलं. माणसं तिकिटं जमवतात, काड्यापेट्यांचे छाप जमवतात. हा गडी देशांची नावं जमवायचा. तीही त्या देशांनी स्वतः ठेवलेली नव्हेत, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी ठेवलेली. परदेशी पाकिटावर अनोळखी नाव दिसलं की चिठोऱ्यावर उतरवायचं आणि स्टेशनसमोरच्या रद्दीवाल्याकडून घेतलेल्या जाडजूड इंग्रजी पुस्तकात त्याचं मूळ शोधत बसायचं. मूळचा बोदवडचा हा माणूस बदली होऊन सुरतेत आला त्याला वर्ष झालं होतं. सुरतेतल्याच पांडेसऱ्याला कसं जायचं हे त्याला चारदा विचारावं लागे, लिथुआनिया कुठं ते मात्र पाठ. त्याची बायको अंजनाबाई म्हणायची, "घरची चूल इझली तरी पत्ता नाई, यायले रशियातला धूर बराबर दिसते."

एकाहत्तरच्या फेब्रुवारीत शाळेतून बोलावणं आलं. त्यांची सात वर्षांची शकू गुजराती शाळेत पहिलीत होती. मराठी शाळा रेल्वेलाईनीच्या पलीकडं. एवढ्याशा पोरीला एकटीनं रूळ ओलांडायला कोण लावणार? वर्गाच्या बाई हंसाबेन मनानं वाईट नव्हत्या. त्यांनी बरेच महिने वाट पाहिली होती.

"भाई, छोकरी मूंगी छे," त्या म्हणाल्या.

जूनपासून शकूच्या तोंडातून एक अक्षर निघालं नव्हतं. लिहायची छान, सांगितलेलं करायची, पण हजेरीलासुद्धा नुसता हात वर. आता हेडमास्तर सोमवारी तिचं नाव काढून मुक्या-बहिऱ्यांच्या शाळेसाठी चिठ्ठी देणार होते.

नागनाथचं गुजराती चांगलं होतं. "घरी तर ती कुणाला बोलू देत नाही!" तो म्हणाला. बाईंनी मान डोलावली. असं सगळेच आईबाप म्हणतात, असा त्या डोलावण्याचा अर्थ होता.

घरी आल्यावर दोघांनी शकूला आंजारलं, गोंजारलं, शेवटी रागावूनही पाहिलं. शाळेचं नाव काढलं की पोरगी पायांच्या बोटांकडं बघत बसे. नागनाथचा जीव टांगणीला लागला. चांगली चुरूचुरू बोलणारी लेक, आणि तिच्या कपाळी मुकी म्हणून शिक्का बसणार होता.

रविवारी सकाळी शकू ओट्यावर वालपापडी सोलत होती. आत अंजनाबाई भाकरी थापत होती. नागनाथ शेजारी जाऊन बसला. लेकीची समजूत कशी काढावी ते त्याला ठाऊक नव्हतं. जे ठाऊक होतं तेच त्यानं काढलं.

"शकू, जर्मनीला पोलंडमधले लोक काय म्हणतात, सांगू? निएम्त्सी."

"म्हंजे?"

"म्हणजे मुळात मुके. फार जुनी गोष्ट. तिकडच्या लोकांना जर्मन शेजाऱ्यांचं बोलणं कळेना, म्हणून म्हणाले, हे मुकेच दिसतात. झालं, नाव पडलं. पोलंडमध्ये तर देशाला वेगळं नावच नाही. त्या माणसांचं अनेकवचन, तेच देशाचं नाव. 'मुक्यांत चाललो' म्हटलं की गडी जर्मनीला चालला! चेक लोकही त्याच शब्दावरून नेमेत्स्को म्हणतात. लिथुआनियात मात्र वोकिएतिया म्हणतात आणि लाटव्हियात वात्सिया. ते कुठून आलं, याचा पुस्तकवाल्यालाही नीट पत्ता नाही."

"पन ते मुके लोक बोलत?"

"भरपूर! आपल्या भाषेत."

शकूचे हात थांबले. "मंग त्यायच्या मायनंबी त्यायले सांगतलं व्हतं का, बाहीर आपली बोली काढू नको म्हनून?"

आतली भाकरीची थापथाप बंद झाली.

शाळेच्या पहिल्या दिवशी वेण्या घालताना अंजनाबाईनंच बजावलं होतं, "तिथी आपली बोली काढू नको, लोक हसतीन." बाजारात एका भाजीवालीनं तिच्या 'मले-तुले'ची नक्कल केली होती. तेव्हापासून ती स्वतः भाजीसुद्धा बोट दाखवून घ्यायची. आणि पोरीला तेव्हा दुसरी बोलीच येत नव्हती. तिनं आईचा शब्द पाळला. दिवाळीपर्यंत गुजराती आलं, पण तोवर सगळा वर्ग तिला मूंगी म्हणू लागला होता. मुक्या पोरीनं एकदम बोलायचं तरी कसं?

नागनाथला स्वतःची लाज वाटली. सातासमुद्रापलीकडच्या नावांची मुळं शोधणाऱ्यानं घरातल्या पोरीला साधं 'का' म्हणून विचारलं नव्हतं. पिठाचे हात तसेच घेऊन अंजनाबाई दारात आली. तिचा चेहरा पार उतरला होता.

"उद्या मी येते शाळेत," ती म्हणाली.

सोमवारी हेडमास्तरांच्या टेबलावर कागद तयार होता. हंसाबेन बाजूला उभ्या होत्या, शकू आईबापांच्या मध्ये. नागनाथनं गुजरातीत सुरुवात केली तशी अंजनाबाईनं त्याची बाही ओढली. "तुमी नका बोलू." मग सुरतेत परक्या माणसांपुढं ती पहिल्यांदाच घडाघडा बोलली.

"मास्तर, पोरीचं काईच चुकलं नाई. मीच तिले तोंड उघडू देलं नाई. माह्या बोलीची मलेच लाज वाटे. तिचं नाव काढू नका."

दारातला शिपाई फिसकन हसला. अंजनाबाईचे कान लाल झाले, पण ती बोलायची थांबली नाही.

"शुं कहे छे?" हेडमास्तरांनी नागनाथला विचारलं.

नागनाथनं तोंड उघडलं आणि मिटलं. सांगायचं तिच्यावर सोडून तो शकूकडं बघत राहिला. हेडमास्तरांनी पुन्हा विचारलं, तरी तो गप्पच. अंजनाबाई रडकुंडीला आली. हेडमास्तरांनी टाक उचलला.

"मारी बा कहे छे," शकू म्हणाली, "के वांक एनो छे, मारो नथी. मारुं नाम ना काढो."

आवाज बारीक होता, पण शब्द अगदी सुरती: चूक आईची, माझी नाही, माझं नाव काढू नका. हेडमास्तरांनी टाक खाली ठेवला.

आजूबाजूच्या बायांमुळं अंजनाबाईला गुजराती समजत होतं. ती वाकून शकूच्या कानाशी म्हणाली, "लाजेचं राह्यलं ना वो माय."

"ते नाई सांगत मी कोनाले," शकू म्हणाली.