सायलेन्सरच्या खोल्या

माझ्या तान्ह्या धनश्रीला सातवा महिना लागला होता आणि मी हाक मारली तरी ती वळत नव्हती.

एवढं एक वाक्य मी पंधरा दिवस कुणापाशी बोलले नव्हते. बोलून उपयोगही नव्हता. नेकनूरला रस्त्यालगत आमच्या ह्यांचं, रामेश्वरचं, मोटारसायकलींचं गॅरेज आणि मागच्या दोन खोल्यांत आमचं घर. दिवसभर ठोकठाक चालू. तरी पोरगी गाढ झोपते याचं सगळ्यांना कौतुक. सासूबाई, दगडाबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणते, येईल त्या बाईला सांगायच्या, "लई गुणाची हाय. एवढ्या कालव्यात बी डोळा उघडत न्हाई."

मला तोच गुण खुपत होता. बी.एस्सी. झालेय मी, पण त्या शिक्षणाचा तेव्हा एवढाच उपयोग होता की काळजीला नावं सापडायची. मोबाइलमध्ये गुपचूप यादी ठेवली होती. मागून पैंजण वाजवलं: नाही. वाटीवर चमचा: नाही. शिट्टी: नाही. नावानं हाक: नाही, नाही, नाही. गव्हाचं पोतं पडलं: दचकली. ट्रॅक्टर: मान वळवली. पण पोत्यानं जमीन हादरते, ट्रॅक्टरनं भिंत हादरते, तेच तिला कळलं असेल, म्हणून त्या दोन ओळी मी जमेत धरल्या नव्हत्या.

होळी होऊन दोन दिवस झाले असतील. दुपारी चहा घेऊन गॅरेजात गेले, तर ह्यांनी एक सायलेन्सर ग्राइंडरनं उभा चिरून फरशीवर ठेवला होता. गाडी आप्पारावकाकांची. ते सैन्यातून सुभेदार होऊन निवृत्त झालेले, टायरवर बसून देखरेख करत होते.

"ये सुकन्या, बघ," काका म्हणाले. "तुज्या नवऱ्यानं माज्या गाडीचं पोस्टमार्टम केलंय."

"आवाज कावून फाटलाय बघ म्हणून तुमीच आणली ना?" हे म्हणाले.

पहिल्यांदाच आतून बघत होते. मला वाटायचं नुसती पोकळ नळी असते. आत पत्र्याच्या पडद्या होत्या, मधे खोल्या, आणि भोकं पाडलेली एक नळी आरपार.

"बंदुकीचा बी असाच असतो," काका म्हणाले. "गोळीच्या मागं तापलेला वायू कोंडलेला असतो. नळीच्या तोंडातून एकदम सुटला की धाडकन. आन् जे जळायचं राहिलंय ते बाहेरच्या हवेत पेटतं, त्यो जाळ. सायलेन्सरमधी गोळी मधल्या भोकातनं सरळ निघून जाती, पण वायूला दर खोलीत पसरावं लागतं. पसरला की निवतो. निवत निवत बाहेर येईस्तोवर त्याच्यात दम राहत न्हाई. जाळ बी आतच विझतो."

"म्हणजे आवाजच येत नाही?"

"पिक्चरात येत न्हाई!" काका हसले. "खरा येतो की. कमी होतो, एवढंच. आन् गोळी आवाजापेक्षा जोरात पळत आसंल तर तिचा हवेतला कडाका कुणाच्या बापाला दाबता येत न्हाई."

ह्यांनी पडद्यांमागून काळपट, तेलकट लोकर उपसून काढली. काचेची लोकर, म्हणाले, हात लावू नको, खाजवतं. "ही जळून गेली म्हणून चिरका आवाज येतोय. बारीक आवाज हीच खाती बघ. जाड धडधड हिला बधत न्हाई, ती पार होऊन जाती."

माझ्या हातातला कप तसाच राहिला.

बारीक आवाज खाते. जाड पार जाते.

पैंजण, चमचा, शिट्टी, माझी हाक. आणि दुसऱ्या बाजूला पोतं, ट्रॅक्टर. माझी यादी जशीच्या तशी. म्हणजे कान मेलेले नसतील. कानाच्या तोंडाशीच काहीतरी असेल.

पळतच आत गेले. धनश्रीची कुंची सोडली, मोबाइलचा टॉर्च कानावर धरला. काळसर मळ, आणि त्याच्या मागं फिकट, तंतूंसारखं काहीतरी. दुसऱ्या कानातही तेच. बोट घालायचा मोह झाला, पण आवरला.

"आत्याबाई, कानात काय घालता तुम्ही हिच्या?"

"तेलाचा बोळा. गार वारं लागू नये म्हणून. दुपारी काढती की रोज."

"रोज सापडतो?"

त्यांनी सोडलेली कुंची हातात घेतली. मग म्हणाल्या, "संक्रांतीच्या टायमाला दोन-तीनदा न्हाई सापडला. आंघुळीत वाहून गेला आसंल म्हणलं. दुसरा घातला."

बाळाची आंघोळ, तेल, शेक, धुरी हे सगळं आत्याबाईंचं. बाहेरचा बोळा मी रोज बघत होते. त्याच्या आड अजून एक असेल हे माझ्या कधी मनात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं आम्ही तिघी बीडला गेलो. कानाच्या डॉक्टरीणबाईंनी बारीक चिमट्यानं उजव्या कानातून एक, डाव्यातून दोन बोळे काढले, मळात घट्ट बसलेले. ट्रेमध्ये चिमटा ठेवला, खण्ण झालं, आणि धनश्रीनं असा टाहो फोडला की मीही रडायला लागले. मग त्यांनी छोटं मशीन कानाला लावून तपासलं.

"दोन्ही कान चांगले आहेत. पडद्यालाही काही झालेलं नाही. आता तेल नाही, कापूस नाही. आणि घरी काही काढायला जाऊ नका."

मी ह्यांना फोन लावला. "ऐकतीया?" एवढंच विचारलं त्यांनी. मी हो म्हटलं. मग पलीकडून नुसतं नाक ओढल्याचं ऐकू आलं.

परतीच्या एसटीत धनश्रीला उसंत नव्हती. बांगड्या वाजल्या, वळली. कंडक्टरनं घंटी ओढली, वळली. कुणी शेंगा फोडल्या, तिकडं वळली. मला इतकं हलकं वाटत होतं की समोरच्या अनोळखी बाईला उगाचच तिकीट कितीचं म्हणून विचारलं.

आत्याबाई मात्र खिडकीकडं तोंड करून बसल्या होत्या.

"आत्याबाई, पाणी घेता?"

"मला रागव की गं," त्या खिडकीकडंच बघत म्हणाल्या. "आतल्या आत ठिवू नको."

रागवायचं काल रात्री ठरवलं होतं, वाक्यंसुद्धा जुळवली होती. आता त्यातलं एकही आठवेना. "बोळे मीही रोज बघत होते," मी म्हटलं.

त्यांनी पदर तोंडाला लावला आणि पुटपुटल्या. इंजिनच्या घरघरीत मलाही नीट ऐकू आलं नाही, ओठ हलले म्हणून समजलं: "धने, चुकलं गं आजीचं."

माझ्या मांडीवरची धनश्री गर्रकन वळली आणि आजीच्या तोंडाकडं बघत राहिली.