मागच्या चाकातली हवा

गाडीखाली उताणं पडून त्यानं शेवटच्या नटावर पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढली. अर्धी नटावर, अर्धी शेजारच्या पत्र्यावर. कुणी पाना लावून नट जरासा जरी फिरवला तरी रेघ तुटणार होती. मग त्यानं रेघेवर फुंकर मारली. रंग लवकर वाळायला हवा होता. पान्या चहा आणायला गेला होता आणि कुठल्याही क्षणी परत आला असता.

पान्या त्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. मागच्या खिशात कायम पाना खोचलेला, म्हणून पान्या. पहिल्या गाडीपासून गाडीचं सगळं तोच बघत आला होता. त्याच्यावर पाळत ठेवायची वेळ येईल, असं दोन वर्षांपूर्वी कुणी म्हटलं असतं तर त्यानं त्या माणसाला शर्यतीच्या मैदानावरच्या आपल्या तंबूबाहेर काढलं असतं. पण मधल्या काळात बायको वारली होती. आणि ती गेल्यापासून गाडी त्याचं ऐकत नव्हती.

लोक त्याला भिंगरी म्हणायचे. या खेळात आधी कोण पोचतं याला किंमत नसते. वळणावर गाडी आडवी घालायची, मागची चाकं घसरवत, धुराचे लोट काढत न्यायची आणि तरीही ताब्यात ठेवायची. दोन गाड्या एकदम सुटतात. एक पुढे, दुसरी तिच्या अंगाला चिकटून मागे, नंतर अदलाबदल. कोण किती आडवा गेला आणि कोण किती चिकटून राहिला, त्यावर परीक्षक निकाल देतात. तरुणपणी तो गोदामाचा माल पोचवणारी व्हॅन चालवायचा, आणि गोदामामागच्या ओल्या सिमेंटवर रिकामी व्हॅन गरागरा घसरवायचा. मालकानं त्याला हाकललं. शेजारच्या गॅरेजवाल्याची मुलगी कुंपणाशी उभी राहून बघत होती. तिनं विचारलं, "परत कधी करणार?" पुढे तिच्याशीच लग्न झालं. तिच्या भावानं भंगारातून एक गाडी उभी केली. मग कप येत गेले, आणि घरातल्या कपाटात कपड्यांना जागा उरली नाही.

या मोसमात मात्र तो दर शर्यतीत पहिल्याच जोडीत बाहेर पडत होता. गाडीचा खर्च एक बॅटरीची कंपनी उचलायची. तिचा साहेब गेल्या खेपेला त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला होता, "पुढच्या वेळी एक तरी जोडी जिंका. नाहीतर आम्हाला एखादा तरुण बघावा लागेल. राग मानू नका." राग मानू नका म्हणणाऱ्याचं मनात ठरलेलं असतं, एवढं त्याला कळत होतं. ती पुढची वेळ आज होती. गाडी गेली की त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं. घरी तर कुणीच नव्हतं.

त्यानं सगळा विचार करून बघितला होता. इंजिन तेच, टायर तेच. पूर्वी हवेचा गेज बायकोच्या हातात असायचा. आता चाकातली हवा तो स्वतः मोजून घ्यायचा आणि गेजवर आकडा सांगितल्याएवढाच निघायचा. म्हणजे खोट गाडीत नव्हती, माणसात होती. आणि गाडीला हात लावणारा माणूस एकच होता.

पान्याचं वागणंही सरळ वाटत नव्हतं. फोन आला की तो तंबूबाहेर जायचा. हवा भरून झाली तरी लगेच उठायचा नाही, चाकापाशी उकिडवा बसून राहायचा, काहीतरी सांगायचंय पण धीर होत नाही असा. आणि विचारलं की म्हणायचा, "काही नाही."

"दाजी, खाली काय करताय?"

त्याला समोर फक्त पान्याचे बूट दिसले. त्यानं रंगाचं पेन मुठीत लपवलं.

"तेल गळतंय का बघत होतो."

"गळतंय?"

"नाही."

"मग या बाहेर. चहा निवतोय. मला सांगायचं, मी बघितलं असतं."

"मी बघितलं तर काय बिघडलं?"

"बिघडलं काही नाही. पाठ धरली तर गाडीतून उचलून काढायला लागेल तुम्हाला, म्हणून म्हटलं."

पूर्वी तो यावर हसला असता. आता त्यानं चहा घेतला आणि पान्याच्या बोटांकडे बघत राहिला. बोटांना ग्रीस लागलेलं होतं. चहाला जाताना हात स्वच्छ होते का, ते त्याला आठवेना.

तेवढ्यात पिवळ्या गाडीचा ड्रायव्हर हेल्मेट काखेत मारून समोरून आला. आज पहिल्या जोडीत त्याच्याशीच गाठ होती. पोरगा त्याच्या निम्म्या वयाचा होता आणि तोंडानं दुप्पट.

"काय भिंगरीकाका, आज फिरणार की नुसतेच घरंगळणार?"

"पुढे राहा, म्हणजे कळेल."

"हल्ली पुढेच असतो की मी!" पोरगा हसला. जाताजाता त्यानं पान्याकडे बघून किंचित मान हलवली. पान्यानं चटकन नजर खाली केली आणि नसलेला डाग पुसायला लागला.

सरावाच्या फेरीत पिवळी गाडी पुढे होती. पहिल्या वळणाला तो तिला चिकटून होता. दुसऱ्या वळणाला त्यानं गाडी आडवी घातली आणि मागची चाकं साबणावर पडल्यासारखी सुटली. धूर पुष्कळ झाला, गाडी मात्र पुढे सरकेना. त्यानं गॅस दाबला तसा धूर आणखी वाढला. धुरातून बाहेर आला तेव्हा पिवळी गाडी पार तिसऱ्या वळणाशी पोचली होती. कुंपणापलीकडून कुणीतरी शिट्टी वाजवली, आणि ती काही कौतुकाची नव्हती.

तंबूत परत आला तर पान्या जागेवर नव्हता. बरंच झालं. गाडी जॅकवर घेऊन तो खाली सरपटला आणि एकेक रेघ टॉर्च लावून बघितली. सगळ्या शाबूत होत्या. एकही केसभर हललेली नव्हती. त्याला बरं वाटायला हवं होतं. त्याऐवजी त्याला वाटलं, हा आपल्याला पुरून उरला. रेघा याला दिसल्या असणार, म्हणून यानं दुसरीकडे कुठेतरी हात मारला.

बाहेर येऊन तो अंग झटकतो आहे तोच पिवळ्या तंबूचा पडदा बाजूला झाला आणि आतून पान्या बाहेर पडला. मागून त्यांच्या मॅनेजरनं त्याच्या पाठीवर थाप मारली.

पान्या जवळ येईपर्यंत तो थांबला.

"कुठे गेला होतास?"

"इथंच."

"इथंच म्हणजे पिवळ्या तंबूत."

पान्यानं मागच्या खिशातला पाना काढला आणि परत खोचला.

"माझ्या गाडीत काय करतोस तू?"

"काही नाही, दाजी."

"पुन्हा काही नाही! समोर बघून बोल. निदान तुझ्या ताईसाठी तरी खरं बोल."

पान्यानं मान वर केली. चिडला तर नव्हता. पार थकल्यासारखा दिसत होता.

"खरंच काही करत नाही. त्यांनी मला पुढच्या मोसमापासून बोलावलंय. मी हो म्हटलेलं नाही, नाहीसुद्धा म्हटलेलं नाही. पण तुमच्या गाडीचं म्हणाल, तर तुम्ही सांगता तेवढीच हवा भरतो. रतीभर कमी नाही, रतीभर जास्त नाही. तेच तर झालंय."

"तेच म्हणजे काय?"

"याआधी कधी भरली नव्हती."

शेजारच्या तंबूत कुणीतरी इंजिन चालू केलं. त्या आवाजात बोलणं ऐकू जाईना, म्हणून पान्या एक पाऊल जवळ सरकला.

"तुम्ही रागात असलात की मागच्या चाकात हवा जास्त मागता," पान्या म्हणाला. "चाक दगड होतं, धूर भरपूर निघतो, पण रस्ता धरत नाही. आणि घाबरलात की कमी मागता. मग गाडी अशी चिकटते की आडवी घालायला जीव जातो. तुम्ही आकडा सांगितलात की ताई मला खुणावायची, काढ किंवा भर. तेवढी मी करायचो."

"गेजवर आकडा दिसायचा."

"गेज कुणाच्या हातात असायचा?"

गेज बायको धरायची आणि आकडा मोठ्यानं वाचायची. त्याला हवा असायचा तोच आकडा यायचा. त्यात बघण्यासारखं काय होतं?

पण ही गोष्ट फार सोयीची होती. पकडला गेला की गेलेल्या माणसाच्या नावावर टाकायचं. ती काही येऊन नाही म्हणणार नव्हती.

"खुणावायची कशी?" त्यानं विचारलं. "मी समोरच उभा असायचो."

"पाठीमागून. हात कमरेमागे धरायची. बोटं खाली असली की काढायची, वर असली की भरायची."

"तिची कंबर दुखायची," तो म्हणाला.

"कंबर कुठली दुखतेय! तुम्ही तिला डॉक्टरकडे न्यायला निघालात ना, तेव्हा ती इथे येऊन पोट धरून हसली होती. गेलीसुद्धा तुमच्याबरोबर. तो पट्टा घेऊन आली होती, आठवतंय? वर्षभर घातला बिचारीनं."

त्याला पट्टा आठवला. त्यानंच निवडून घेतला होता, चांगल्यातला. टायरच्या चळतीवर हात टेकून तो हळूच बसला.

"आणखी काय काय करायची माझ्यामागे?"

"आणखी काही नाही. बाकी सगळं तुम्हाला तोंडावरच ऐकवायची."

ते मात्र खरं होतं. दोघांनाही हसू आलं, पण कुणी हसलं नाही.

"म्हणजे कप तिचे."

"काहीतरीच काय बोलता, दाजी. गाडी ती चालवत होती का? हवा काय, कुणीही भरतं."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तिनं बजावलं होतं. म्हणायची, त्यांना वाटू दे गाडी अगदी त्यांच्या मनासारखी आहे. मनासारखी वाटली की ते चांगली चालवतात."

"आणि ती गेल्यावर? तू करायचंस."

"केलं होतं की. मोसमाच्या पहिल्या शर्यतीला, अंदाजानं. तुम्ही गेज हिसकावून घेतलात आणि सगळ्या तंबूंना ऐकू जाईल असे ओरडलात. 'मी सांगतो ते कळत नाही का तुला?' मग सोडून दिलं."

त्याला तो दिवस आठवला. संशयाला सुरुवातच तिथून झाली होती.

"आणि तसंही मला जमत नाही," पान्या म्हणाला. "ती तुमच्याकडे बघून ठरवायची. सकाळी बूट कसे चढवता, चहा पिता की तसाच ठेवता, काय काय बघायची. रोज वेगळं सांगायची. मला गाडीकडे बघून कळतं, माणसाकडे बघून नाही. तिकडे सोपं आहे. तो पोरगा सांगतो तेवढी भरली की झालं."

लाउडस्पीकरवरून त्याच्या जोडीचा पुकारा झाला. पिवळी गाडी गुरगुरत तंबूतून बाहेर निघाली. बॅटरीच्या कंपनीचा साहेब कुंपणाशी येऊन उभा राहिला होता, हाताची घडी घालून.

पान्यानं हवेची नळी ओढत मागच्या चाकापाशी आणली आणि सवयीनं विचारलं, "किती?"

त्यानं तोंड उघडलं. आकडा जिभेवर होता, पण तो रागाचा की भीतीचा ते त्याला कळेना. नेहमीपेक्षा जास्त वाटत होता, मग कमी वाटला. त्यानं तोंड मिटलं.

"तूच बघ," तो म्हणाला.

"मला नाही जमत, सांगितलं ना."

"मला तरी कुठे जमतंय."

त्यानं अंगावरचा पोशाख नीट केला आणि पान्याच्या समोर उजेडात जाऊन उभा राहिला. काय करायचं ते न कळून त्यानं दोन्ही हात खाली सोडले. पान्यानं आधी इकडे तिकडे बघितलं. पुकारा पुन्हा झाला. मग त्यानं नळी खाली ठेवली, हात पँटला पुसले आणि दाजींकडे बघायला लागला. असं कुणी त्याच्याकडे बघून बरेच दिवस झाले होते. त्याला नजर वळवावीशी वाटली, पण वळवली नाही.

"रात्री झोपलात?"

"थोडा."

"सकाळी काही खाल्लंत?"

"नाही."

"हं," पान्या म्हणाला, आणि चाकापाशी उकिडवा बसला.

गेजवरचा आकडा दिसू नये म्हणून तो हेल्मेट घेऊन पुढच्या बाजूनं गाडीला लांबचा वळसा घालून दारापाशी गेला, आत बसला आणि पट्टे आवळायला लागला.