अर्ध्या दिवसाची फी

दुपारचा एक वाजायला आला की वसईजवळच्या गिरीज गावात मटिल्डामावशीच्या पाळणाघरात एकच गोंधळ उडे. अर्ध्या दिवसाची मुलं घरी जायची, पूर्ण दिवसाची जेवून झोपायची, आणि नेमकं जाणाऱ्यांना राहायचं असे, राहणाऱ्यांना जायचं असे. त्या दिवशीही कोणाचा तरी बूट हरवला होता, वरणाची वाटी सतरंजीवर उपडी झाली होती, आणि मदतीला असलेली पाचूबंदरची जीना दोन्ही काखांत दोन रडकी पोरं घेऊन "कोनाचा हा टॉवेल?" म्हणून ओरडत होती.

मटिल्डाचं डोकं आधीच तापलेलं होतं. सकाळीच एका आईने फीवरून वाद घातला होता.

जूनपर्यंत तिच्याकडे नियम असे नव्हतेच. मावशी म्हटलं की कसले नियम? आईबाप साडेसहाचं सांगून आठला उगवायचे. वर म्हणायचे, "मावशी, तुम्ही घरीच असता ना!" मूल आजारी पडलं की तेवढे दिवस फीतून कापायचे. कोणी जागा अडवून ठेवायचं आणि ऐनवेळी नाही म्हणायचं. लग्नाच्या हॉलचं भाडं मुकाट आगाऊ भरणारी माणसं हिच्याशी मात्र घासाघीस करायची. शेवटी वैतागून तिने दारावर फळा लावला. फी महिन्याच्या सुरुवातीला, उशीर झाला तर जादा, आगाऊ भरल्याशिवाय जागा राखली जाणार नाही. आणि अडलेल्यांची सोय म्हणून एक ओळ तिने स्वतःहून घातली: एक वाजेपर्यंतच ठेवलं तर निम्मी फी. ती ओळ लिहिताना आपण फार न्यायाने वागतो आहोत असं तिला वाटलं होतं.

त्या ओळीचा फायदा सगळ्यांत आधी हर्षवर्धनने घेतला. तो आणि त्याची बायको ऋतिका समोरच्या नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत. दोघंही मुंबईला नोकरीला. तीन वर्षांच्या विघ्नेशला त्यांनी लगेच अर्ध्या दिवसावर आणलं. त्याला न्यायला येई त्याची बहीण अनुष्का, पाचवीतली. अंगात गणवेश, घट्ट वेण्या, पाठीवर दप्तर. "गावाहून आजी आलीय. ह्याला तिच्याकडे सोडते आणि शाळेत जाते," असं तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. केवढी गुणाची पोर, म्हणून मटिल्डा रोज तिच्या हातावर बिस्किट ठेवी.

त्या दिवशी निघताना विघ्नेशने चड्डी ओली केली.

"आण तुझं दप्तर, पिशवीत बांधून त्यात टाकते," मटिल्डा म्हणाली. अनुष्का मागे सरली, पण तोवर चेन उघडली होती.

आत वही नव्हती, पुस्तक नव्हतं, कंपासपेटी नव्हती. दुधाची बाटली, दोन कोरड्या चड्ड्या, पावडरचा डबा आणि एक निळी मोटार, बस्स.

"पुस्तकं कुठायत ग तुझी?"

अनुष्का चेन ओढून लावायला लागली.

"आणि आजी?"

"आजी नाही आली, मावशी. बाबांनी असं सांगायला सांगितलं होतं." मग घाईघाईने, जणू मावशीलाच धीर द्यायला, ती म्हणाली, "मी जाणार आहे शाळेत. विघ्नेश मोठा झाला की."

"मी बोलले नव्हते तुला, बाय?" जीना फणकारली. "दुपारची ही पोरगी गॅलरीत कपडे वालत घालते. कंची आजी नि काय!"

जीना बोलली होती, खरं आहे. मटिल्डाने ते कानाआड केलं होतं. आता तिला आपलाच संताप आला. तिने निम्मी फी सोडली होती, आणि ती सोडलेली निम्मी ही पोर आपली शाळा देऊन भरत होती.

तिने दोघांनाही ठेवून घेतलं आणि ऋतिकाला फोन केला. "लहान मुलाला लहान मुलीच्या हाती मी देणार नाही. तुम्ही या."

संध्याकाळी हर्षवर्धन तणतणत आला. मागे ऋतिका.

"मावशी, हा आमच्या घरचा प्रश्न आहे."

"माझ्या दारातून पोर जाते ना? मग माझाही आहे."

"अर्ध्या दिवसाचा नियम तुम्हीच केलात. आम्ही नियमानेच वागलो."

हे तिला झोंबलं, कारण ते खरं होतं.

"विघ्नेशची मोठ्या शाळेत सीट बुक केलीय," तो पुढे म्हणाला. "डोनेशन कसं उभं केलं ते आमचं आम्हाला माहीत. थोडं ॲडजस्ट करावं लागतं. आणि ताईच आहे ना ती त्याची? मलाही माझ्या ताईनेच सांभाळलं."

"कितवीपर्यंत शिकली ती?"

हर्षवर्धन म्हणाला, "तो काळ वेगळा होता."

ऋतिका हळूच पुढे आली. "मावशी, तुम्हीच थोडे महिने निम्म्या फीत पूर्ण दिवस ठेवा ना त्याला. मग ही जाईल शाळेत."

हो म्हणायला मटिल्डाचं तोंड उघडलंसुद्धा. जन्मभर तिने हेच केलं होतं. पण मग तिचं डोकं फिरलं.

"तुमच्याकडे पैसे कमी पडले की सूट कोणी द्यायची? एकदा हिने, एकदा मी. त्या मोठ्या शाळेकडे मागितलीत कधी सूट?"

मागितली नव्हती. मागायचं कोणाच्या मनातही आलं नव्हतं. हर्षवर्धनने विघ्नेशला उचललं. "उद्यापासून आमची जागा काढून टाका." अनुष्का दप्तर घेऊन मुकाट मागून गेली.

दुसऱ्या दिवशी विघ्नेशला आणलंच नाही, त्यामुळे एक वाजला तरी अनुष्काही आली नाही. मटिल्डाला घास जाईना. नियम पाळला, आणि झालं काय? आता पोर सकाळपासूनच अडकली. तिने मुलं जीनावर सोपवली, गाऊनवर ओढणी टाकली आणि तरातरा रस्ता ओलांडला.

तिसऱ्या मजल्यावर आतलं दार उघडलं. बाहेरचं जाळीचं बंदच होतं. पलीकडे अनुष्का, कडेवर विघ्नेश.

"मावशी, बाबांनी कोणाला आत घेऊ नको म्हटलंय."

"बरोबर म्हटलंय. नकोच उघडू. मी इथे पायरीवर बसते. पुस्तक आण एखादं, वाचू आपण."

"पुस्तकं माळ्यावर टाकलीत. माझा हात नाही पुरत."

मटिल्डाचे डोळे रागाने भरून आले. तिने ऋतिकाला फोन लावला. "तुमच्या दारात बसलेय. तुम्ही येईपर्यंत उठणार नाही. जो विचारेल त्याला का बसलेय ते सांगणार आहे."

आणि तिने सांगितलं. शेजारीण म्हणाली, "अय्या, त्यात काय एवढं? आमचीही सांभाळते की भावाला!" एका आजोबांनी सगळं ऐकून घेतलं, घसा खाकरला आणि दार लावून घेतलं. जाळीपलीकडे भावाला मांडीवर घेऊन अनुष्का तोंडी गणितं सोडवत होती. साधा भागाकारही चुकत होता. चुकलं की ती स्वतःलाच टपली मारून घेत होती.

संध्याकाळ व्हायच्या आत लिफ्ट उघडली. ऋतिका एकटीच आली होती, घामाघूम.

"मावशी, उठा ना. लोक बघतायत. फीचं आपण बघू काहीतरी."

मटिल्डा उठली नाही.

"फीचं मग बोलू. आधी माळ्यावरची पुस्तकं खाली काढा."

ऋतिकाने पर्समधून किल्ली काढली. मग तिने कुलूप उघडलं आणि ती आत गेली. आतून स्टूल ओढल्याचा आवाज येईपर्यंत मटिल्डा पायरीवरून हलली नाही.